फौजेला सूक्ष्मजीव कशाला हवेत? संरक्षण आणि जैवउत्पादनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैवतंत्रज्ञान आणि संरक्षण हे शब्द एकत्र आले की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे सूट आणि विषाणूंच्या कुप्या येतात. प्रत्यक्षात या विषयाचा मोठा हिस्सा म्हणजे स्टीलच्या टाक्या, वाफ, दाबाखालची हवा, ग्लुकोज किंवा मळी आणि रात्रपाळीचे ऑपरेटर. मी फर्मेंटेशनच्या, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून माल बनवून घेण्याच्या धंद्यातला. विद्यार्थी, नातेवाईक आणि ओळखीचे निवृत्त फौजी जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे एकत्र केले आहेत.

म्हणजे हा सगळा जैविक अस्त्रांचाच मामला ना?

नाही. जैविक अस्त्रं बनवायला आणि साठवायला १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. हा करार १९७५ मध्ये लागू झाला आणि भारताने त्याला १९७४ मध्येच मान्यता दिली होती. इथे बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल: सैन्याला लागणारी औषधं, लसी, इंधनं, रसायनं आणि काही प्रमाणात बांधकामाचं सामानसुद्धा सजीव पेशींकडून बनवून घेणं. अस्त्रांपासून बचाव हाही या विषयाचा भाग आहे. त्याकडे पुढे येतो.

जैवउत्पादनाच्या कारखान्यात नेमकं काय चालतं?

दुधाला विरजण लावण्यासारखंच काम, फक्त भांडं दोन-तीन मजली असतं आणि हव्या त्या सूक्ष्मजीवाखेरीज दुसरा एकही जीव आत शिरता कामा नये. सुरुवात होते गोठवून ठेवलेल्या एका छोट्या कुपीपासून. तिच्यातून फ्लास्क, फ्लास्कमधून सीडची, म्हणजे विरजण वाढवायची, टाकी, तिथून मोठी सीडची टाकी आणि मग मुख्य फर्मेंटर. प्रत्येक टप्प्याआधी टाकी, पाइप, व्हॉल्व्ह सगळं १२१ अंशांच्या आसपासच्या वाफेने निर्जंतुक करायचं. मग गाळलेली हवा सोडायची, आत पंखे फिरवायचे आणि सूक्ष्मजीव वाढताना जी उष्णता सोडतात ती थंड पाण्याने काढून घ्यायची.

कागदावर हे सोपं दिसतं. एखाद्या व्हॉल्व्हच्या गास्केटला केसाएवढी चीर पडलेली असते. पहिला दिवस सगळं व्यवस्थित चालतं. दुसऱ्या दिवशी पहाटे विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख अचानक खाली येतो, पीएच घसरतो, सॅम्पलला वेगळाच आंबूस वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या धाग्यांमध्ये बारीक काड्या, म्हणजे घुसखोर जिवाणू, वळवळताना दिसतात. बॅच गेली. लाखभर लिटर माल पुन्हा वाफेने मारायचा आणि सांडपाणी प्रकल्पाकडे सोडायचा, पुढच्या टप्प्यावरची माणसं आठवडाभर रिकामी.

एवढं सगळं निभावलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. त्या रश्श्यातून औषध बाहेर काढणं, शुद्ध करणं, वाळवणं याला आम्ही डाउनस्ट्रीम म्हणतो आणि पुष्कळ उत्पादनांत खर्चाचा मोठा वाटा तोच खातो. हे सविस्तर सांगायचं कारण असं, की देशाची या क्षेत्रातली ताकद शोधनिबंधांवरून मोजायची पद्धत पडली आहे. माझ्या मते ती चालू टाक्यांवरून आणि त्या चालवणाऱ्या हातांवरून मोजावी. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

लष्कराचा आणि फर्मेंटेशनचा संबंध कधीपासूनचा?

ठळक उदाहरण पहिल्या महायुद्धाचं. ब्रिटिश तोफांना आणि बंदुकांना कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू लागे आणि ती बनवायला ॲसिटोन हे द्रावक हवं असे. तोवर ॲसिटोन लाकूड भट्टीत तापवून मिळायचं. त्यासाठी प्रचंड लाकूड जाळावं लागे आणि ब्रिटन बराचसा माल बाहेरून आणत असे. १९१५ मध्ये तोफगोळ्यांचा तुटवडा राजकीय संकट बनला. मँचेस्टरमध्ये शिकवणाऱ्या खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने मक्याच्या पिठावर वाढणारा आणि ॲसिटोन, ब्युटानॉल तयार करणारा एक जिवाणू वेगळा काढला होता. नौदल खात्याने त्याला हाताशी धरलं. लंडनमधल्या जिनच्या भट्टीत चाचण्या झाल्या आणि मग दारूच्या भट्ट्याच या कामाला जुंपल्या.

पुढे पाणबुड्यांमुळे मका येईना. तेव्हा, १९१७ मध्ये, शाळकरी मुलांना रानातली हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावलं. मुलांनी ढीगच्या ढीग जमवले, कशासाठी ते त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या फळांवर प्रक्रिया फारशी जमली नाही, हे इतिहासात जरा हळू आवाजात सांगितलं जातं. शोध होता, जिवाणू होता, टाक्याही होत्या, कच्चा माल हुकला.

याच युद्धाच्या निमित्ताने आपल्या नाशिकलाही सरकारी ॲसिटोनचा कारखाना उभा राहिला. वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामुळे त्यांचं नाव राहिलं. भट्ट्या चालवणाऱ्यांची नावं कुणाला माहीत?

पेनिसिलीनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यात संरक्षणाचं काय?

शाळेत शिकवतात ती गोष्ट १९२८ ला फ्लेमिंगच्या बशीपाशी संपते. संरक्षणाच्या दृष्टीने ती सुरू होते १९४१ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत ऑक्सफर्डमधल्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलीन देण्यात आलं. जंतुसंसर्गाने त्याचा चेहरा सडत चालला होता. औषधाने तो सुधारू लागला. साठा इतका तुटपुंजा होता, की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन काढून पुन्हा त्यालाच टोचत होते. तेही संपलं आणि तो गेला. औषध सापडून तेरा वर्षं होत आली होती, एका माणसापुरतंही ते बनवता येत नव्हतं.

त्या जुलैमध्ये ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ फ्लोरी आणि हीटली हे दोघे बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च कारखान्यांचं टाकाऊ पाणी, कॉर्न स्टीप लिकर, बुरशीला खाऊ घातलं तेव्हा उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. तिथल्याच बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर आणखी दमदार बुरशी सापडली. मग फायझर कंपनीने ब्रुकलिनमधला बर्फाचा जुना कारखाना घेतला आणि १९४४ च्या मार्चमध्ये त्यात साडेसात हजार गॅलनच्या चौदा टाक्या सुरू केल्या. सायट्रिक ॲसिड बनवताना या कंपनीने फर्मेंटेशनमध्ये हात घासलेले होते, म्हणून हे जमलं. तीन महिन्यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा जखमींसाठी लाखो डोस सोबत होते.

ब्रिटनला मात्र पुढे याच खोल टाकीच्या तंत्रासाठी अमेरिकनांना पैसे मोजावे लागले. औषध शोधलं त्यांनीच!

भारतात पेनिसिलीन कधी बनू लागलं?

पिंपरीत. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले आणि १९५५ पासून उत्पादन सुरू झालं. सरकारी क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. आज पिंपरी म्हटलं की मोटारी आणि सुटे भाग आठवतात, त्या काळात बाहेरगावचे लोक पेनिसिलीनचा कारखाना पाहायला पिंपरीला यायचे. इथल्या संशोधन विभागात थिरुमलाचार यांच्या चमूने हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधून काढलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरंच त्याच्या नावात आहेत.

हा कारखाना संरक्षण खात्याचा नव्हता. पण जखमेत होणारा जंतुसंसर्ग आटोक्यात ठेवणारं औषध देशात, आपल्या माणसांच्या हातून बनतंय, याचं मोल युद्धकाळात कळतं. शिवाय इथे शिकलेले लोक पुढे देशभरच्या खासगी कारखान्यांत गेले. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आजही जुन्या लोकांकडून ‘साहेब एचएचे होते’ हे कौतुकाने ऐकायला मिळतं.

मग आपण ते बनवणं बंद का केलं?

चीनचा माल स्वस्त पडला म्हणून.

पेनिसिलीन जी, म्हणजे बुरशी थेट बनवते ते पेनिसिलीन, हे आता थेट औषध म्हणून कमी आणि कच्चा माल म्हणून जास्त वापरलं जातं. त्यापासून ६-एपीए नावाचं मधलं रसायन बनतं आणि त्यापासून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन. दुसऱ्या वाटेने सेफालेक्सिनसारखी औषधं बनतात. म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची निम्मी नेहमीची अँटिबायोटिक्स फिरून या एका बुरशीपाशी येतात. चीनने मक्याचं स्वस्त ग्लुकोज, स्वस्त वीज आणि अजस्र टाक्या यांच्या जोरावर किमती पाडल्या. फर्मेंटरला हवा दाबून घालणं आणि पंखा फिरवणं हे विजेचं काम आहे, त्यामुळे युनिटमागे एक-दोन रुपयांचा फरकही कारखाना बुडवू शकतो. उदारीकरणानंतर भारतीय कारखान्यांनी एकामागून एक पेनिसिलीन जी बनवणं थांबवलं. पिंपरीचा सरकारी कारखाना १९९० च्या दशकात आजारी उद्योगांत गेला.

औषध कंपन्यांच्या हिशेबात यात वावगं काही नव्हतं. गोळ्या, कॅप्सूल आपण बनवतच होतो, जगाला विकतही होतो. आत भरायची पावडर तेवढी बाहेरून. बाहेरून येणाऱ्या कच्च्या औषधांपैकी साधारण दोन-तृतीयांश चीनमधून येऊ लागली आणि सीमेवर ज्या देशासमोर जवान उभे, त्याच देशाच्या पावडरीवर त्यांच्या दवाखान्याची भिस्त, अशी अवस्था झाली. हे ठरवून कुणी केलं नाही. दरवर्षीच्या खरेदीत सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारत गेलो, त्याचा हा परिणाम.

आता परिस्थिती काय आहे?

मार्च २०२० मध्ये केंद्राने कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. कोविड तेव्हा नुकताच दारात आला होता आणि गलवानची चकमक अजून घडायची होती. या योजनेतून अरबिंदो फार्माच्या लिफियस कंपनीने आंध्रातल्या काकीनाड्याजवळ वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलीन जीचा कारखाना उभारला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी हिमाचलमधल्या नालागडच्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या (अमॉक्सिसिलिनच्या जोडीने देतात ते औषध) कारखान्याचंही झालं.

हे चांगलंच आहे, पण फीत कापली म्हणजे काम झालं असं नाही. असा कारखाना पहिली काही वर्षं उतारा वाढवण्यातच घालवतो, आणि समोरचा विक्रेता त्याच वर्षांत भाव खाली आणू शकतो. प्रोत्साहन पाच-सहा वर्षांनी संपतं. त्यानंतर सरकारी खरेदी देशी मालाला थोडा चढा दर देणार की पुन्हा सर्वांत स्वस्त निविदा? दारूगोळ्याचा कारखाना शांततेच्या काळात रिकामा बसला तरी आपण तो विकायला काढत नाही. पेनिसिलीनच्या टाकीला तो मान अजून मिळालेला नाही.

औषध सोडून सैन्याच्या रोजच्या आयुष्यात याचा काही उपयोग?

सियाचिनचा संडास. हसू नका, हे भारतीय संरक्षण जैवतंत्रज्ञानाचं सर्वांत जास्त पसरलेलं उत्पादन आहे.

तिथल्या थंडीत मैला कुजत नाही. वर्षानुवर्षं तसाच गोठून राहतो आणि बर्फ वितळलं की खालच्या पाण्यात येतो. ग्वाल्हेर आणि तेजपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळांनी अंटार्क्टिकासह थंड प्रदेशांतून थंडीत तग धरणारे जिवाणू गोळा केले, त्यांचं मिश्रण वाढवलं आणि प्राणवायूविना मैला पचवणारी टाकी तयार केली. बाहेर पडतं ते पाणी आणि मिथेन. पुढे रेल्वेने हेच तंत्र उचललं आणि डब्यांखाली अडीच लाखांच्या घरात बायो-टॉयलेट बसवली. रुळांवर मैला पडायचा तो थांबला, हे मान्यच करावं लागेल. मात्र आयआयटी मद्रासने केलेल्या तपासणीत रेल्वेच्या टाक्यांमधल्या मैल्याचं पचन नीट होत नसल्याचं आढळलं होतं. टाकीत बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि फिनाइल गेलं तर बिचारे जिवाणू काय करणार! लष्करी ठाण्यावर शिस्तीने चालणारी वस्तू रेल्वेच्या प्रवाशांच्या हवाली केली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

डीआरडीओचीच लेहची प्रयोगशाळा लडाखमध्ये भाजीपाला पिकवण्याचं काम करते. ताजी भाजी विमानाने न्यावी लागली नाही तर किती खर्च वाचतो, ते हिशेबनीस सांगतील.

विमानं खरंच झाडाच्या तेलावर उडतात का?

मिश्रणावर उडाली आहेत. १७ डिसेंबर २०१८ रोजी हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांनी चंदीगडमध्ये एएन-३२ हे मालवाहू विमान जैवइंधनाच्या मिश्रणावर उडवलं, आणि २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात १० टक्के मिश्रणावर ते राजपथावरून गेलं. जानेवारी २०२० मध्ये लेहलाही उतरलं. तेल छत्तीसगडच्या मोगली एरंडाचं होतं आणि प्रक्रिया डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेची.

मात्र ही प्रक्रिया हायड्रोजन वापरून केलेली रासायनिक आहे, फर्मेंटेशनची नाही. बातम्यांत दोन्ही एकाच पोत्यात भरतात. मद्यार्कापासून जेट इंधन बनवणं ही दुसरी वाट, आणि तिच्यात पुण्याच्या प्राज कंपनीने बरंच काम केलं आहे. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशियाच्या विमानात प्राजने पुरवलेलं देशी इंधन अत्यल्प प्रमाणात मिसळलेलं होतं. ‘अत्यल्प’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. सगळं हवाई दल यावर उडेल असं एवढ्यात कुणी सांगत असेल तर त्याला एका वर्षाच्या उसाचा हिशेब विचारा.

अमेरिका आणि चीन यात एवढे का पडले आहेत?

अमेरिकेच्या काँग्रेसने नेमलेल्या उदयोन्मुख जैवतंत्रज्ञानावरच्या राष्ट्रीय सुरक्षा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये अहवाल दिला. सिनेटर टॉड यंग त्याचे अध्यक्ष. चीनने वीस वर्षं या क्षेत्राला अग्रक्रम दिला, आपण मागे पडतोय, पाच वर्षांत किमान १५ अब्ज डॉलर घाला, असा त्याचा सूर. अहवाल लिहिणाऱ्या आयोगाला भीती थोडी वाढवून सांगावीच लागते, ते सोडून द्या. त्यातलं दुखणं खरं आहे. अमेरिकेतही प्रयोगशाळा भरपूर, मधल्या आकाराच्या टाक्या कमी. फ्लास्कमध्ये जमलेली गोष्ट दहा हजार लिटरमध्ये जमते का, हे पाहायला तिथल्या कंपन्यांना परदेशी जावं लागतं. म्हणून संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या बायोमेड या संस्थेने मिनेसोटा, आयोवा, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी सामायिक पायलट प्लांट, म्हणजे चाचणीपुरते मधल्या आकाराचे कारखाने, उभारायला घेतले.

त्यांना काय बनवायचं आहे? रॉकेटच्या घन इंधनात लागणाऱ्या काही रसायनांचे पूर्वघटक, वंगणं, धागे. त्यांच्या हवाई दलाने तर वाळूवर जिवाणू आणि त्यांचं खाद्य फवारून धावपट्टीचा नमुना तयार केला आहे. जिवाणू चुनखडी तयार करतात आणि वाळूचे कण एकमेकांना धरून बसतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसोबत याच तत्त्वावर, गवार गम आणि युरिया वापरून, चंद्रावरच्या मातीसारख्या मातीच्या विटा केल्या आहेत.

एवढा पैसा ओतून कंपन्या टिकतात का?

सगळ्या नाही. कॅलिफोर्नियाची अमायरिस आणि तिथलीच झायमर्जेन, दोन्ही एकेकाळी शेअर बाजाराच्या लाडक्या, दोन्हींनी २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. खनिज तेलापासून चार आण्यांत बनणारी वस्तू जिवाणूकडून रुपयाला करून घेतली तर गिऱ्हाईक कोण? म्हणूनच लष्कराचा रस कामाला येतो. ज्याला किमतीपेक्षा पुरवठ्याची खात्री महत्त्वाची, असा गिऱ्हाईक तोच. पण तोही ठरावीकच माल घेणार.

भारताचं धोरण काय आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवउत्पादनासाठीचं बायोई-३ धोरण मंजूर केलं. जैवआधारित रसायनं आणि विकरं (एन्झाइम), पर्यायी प्रथिनं, अचूक उपचारांची औषधं, हवामानाला टिकणारी शेती, कार्बन पकडून वापरणं आणि सागरी व अंतराळ संशोधन असे सहा विषय त्यात आहेत. संरक्षण हा स्वतंत्र विषय नाही, आणि ही मला त्यातली ढळढळीत उणीव वाटते. संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना २०१८ पासून आहे आणि तिच्या मूळ प्रकारात नवउद्योगांना दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं. दीड कोटीत सॉफ्टवेअर होतं, ड्रोनचा नमुना होतो. निर्जंतुक फर्मेंटेशनची पायलट लाइन त्यात बसणं अवघड.

जैविक हल्ला झाला तर आपली तयारी आहे का?

अशा घटनांत धोका नेहमी शत्रूकडूनच येतो असं नाही, हे आधी लक्षात घ्या. १९७९ मध्ये सोव्हिएत युनियनच्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्सचे बीजाणू बाहेर पडले. हवा बाहेर टाकणाऱ्या मार्गावरचा फिल्टर काढला होता, परत बसवला नव्हता. किमान ६६ माणसं मेली आणि वर्षानुवर्षं सरकार सांगत राहिलं की दूषित मांस खाल्लं म्हणून. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स आला, पाच जण दगावले. त्यामागे अमेरिकेच्याच लष्करी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता, असा एफबीआयचा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडे ओळख पटवण्याची साधनं आणि बचावाचं साहित्य यावर डीआरडीओची ग्वाल्हेरची प्रयोगशाळा, डीआरडीई, काम करते. अतिघातक विषाणू हाताळण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, पाषाणला, सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. लस बनवायची क्षमता तर पुणे आणि हैदराबादेत जगाला पुरेल एवढी आहे. कोविडने ते दाखवलं. त्याच कोविडने हेही दाखवलं की बाहेरच्या देशांनी टाकीत वापरायच्या पिशव्या, फिल्टर आणि माध्यमं (पेशींचं खाद्य) अडवली तर आपल्या लसींच्या टाक्याही अडतात.

लष्करासाठी घाईने बनवलेल्या लसी-औषधांवर विश्वास ठेवावा का?

घाई आणि ढिलाई यांत फरक आहे. मुंबईत प्लेगच्या लसीची सुरुवात करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी पहिली लस स्वतःला टोचून घेतली. घाईच होती, शहर ओस पडत होतं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात त्यांच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांची नोकरी गेली. नंतर लक्षात आलं की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. १९२५ मध्ये त्याच परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

आज प्रत्येक बॅचची कागदपत्रं वर्षानुवर्षं जपून का ठेवतात आणि नवीन मुलांना त्याचा कंटाळा का येऊ देऊ नये, ते या एका चिमट्यावरून समजावता येतं. युद्धकाळात चाचण्यांचे टप्पे समांतर चालवता येतात. निर्जंतुकीकरणाची मिनिटं कमी करता येत नाहीत.

जनुक बदललेले सूक्ष्मजीव कारखान्यातून निसटले तर?

बहुतेक औद्योगिक जाती इतक्या लाडावलेल्या असतात की बाहेरच्या ओढ्यात, गटारात त्यांचा टिकाव लागत नाही. तरीही टाकीतला माल बाहेर सोडण्याआधी मारणं बंधनकारक असतं आणि असायलाच हवं.

आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या यात कामी येतील का?

हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडून हमखास येतो. थेट उत्तर: औषधासाठी नाही, रसायनांसाठी काही अंशी होय.

डिस्टिलरीत यीस्ट मळीवर काम करतं आणि तिथे आम्लपणा व मद्यार्क बाकीच्या जंतूंना दाबून ठेवतात. थोडी घाण खपते. पेनिसिलीन किंवा लसीच्या टाकीत काहीच खपत नाही. त्यामुळे कारखान्याचा चेअरमन ‘उद्यापासून अँटिबायोटिक काढू’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पण मळी, बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारी वाफ आणि वीज, स्पेंट वॉशची (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची) विल्हेवाट लावायचा अनुभव आणि तीन पाळ्यांत काम करणारी माणसं, हे सगळं एका जागी मिळणं दुर्मीळ आहे. लॅक्टिक ॲसिड, सक्सिनिक ॲसिड, ब्युटानॉल यांसारख्या गोष्टी याच आवारात, वेगळी लाइन टाकून, करता येतील. प्राजने जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला आहे, तो याच दिशेचा. जाती हव्या असतील तर पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून रीतसर अर्ज करून, शुल्क भरून कल्चर मिळतं. अडचण साखरेच्या राजकारणाची आहे. इथेनॉलचा दर आणि मळीवरचे निर्बंध दर हंगामाला बदलत राहिले तर दहा वर्षांचा कच्च्या मालाचा करार कोण करणार?

मुलीला बायोटेक करायचंय आणि संरक्षण क्षेत्रात जायचंय. काय शिकावं?

नुसतं बी.एस्सी. बायोटेक करून थांबू नका. मायक्रोबायोलॉजीचा पाया, त्यावर बायोप्रोसेस किंवा केमिकल इंजिनिअरिंग. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात, यासाठी नावाजलेली आहे. सुट्टीत एखाद्या फर्मेंटेशन प्लांटमध्ये काम मिळालं तर पगार न विचारता जावं आणि शक्य झालं तर डाउनस्ट्रीम विभाग मागून घ्यावा, कारण तिथे माणसांची कायम ओढ असते. डीआरडीओत वैज्ञानिक ‘ब’ पदाची भरती आरएसी या तिच्या भरती केंद्रामार्फत होते आणि त्यात गेट परीक्षेचे गुण धरतात. तांत्रिक पदांची सेप्टॅम या दुसऱ्या केंद्रामार्फत होते. जैवशास्त्राच्या जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकलच्या मानाने फारच थोड्या निघतात. म्हणून गेटची तयारी चालू ठेवून लस किंवा अँटिबायोटिकच्या कारखान्यात नोकरी धरावी.